सोनवणेभाईंचं खोकं

सोनवणेभाई आपल्या केबिनमध्ये नवीन काही लावायचे किंवा हलवायचे, तेव्हा आधी समोरच्या खुर्चीत जाऊन बसायचे. स्वतःच्या नव्हे, तक्रार घेऊन येणाऱ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत. दोन्ही हात मांड्यांवर, मान ताठ, चेहऱ्यावर मुद्दाम आणलेला थोडा राग. त्या रागानेच डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, मग उठून पडदा दोन बोटं सरकवायचे आणि पुन्हा जाऊन रागावून बसायचे. हॉलमध्ये टायपिंग करणाऱ्या आम्ही दोघी ते बघून हसायचो. त्यांना ते माहीत होतं. ते हसायचे नाहीत. त्यांचं काम चालू असायचं.

सुरतेत पांडेसऱ्याच्या ज्या मिलमध्ये मी ब्याण्णव साली लागले, तिथे साड्यांच्या कापडावर रंगाई आणि छपाई व्हायची. खाली मशिनं, वर ऑफिस. ऑफिस म्हणजे एक लांब हॉल. त्याच्या एका टोकाला शेठची काचेची थंडगार केबिन, आणि दुसऱ्या टोकाला, जिना वर येतो तिथे, प्लायवूड ठोकून केलेलं एक खोकं. साडेपाच फूट बाय सहा. त्यात जुनी रजिस्टरं, मोडका पंखा आणि झाडू ठेवलेले असत. व्यापाऱ्यांच्या तक्रारी तेव्हा जिन्याजवळ उभ्यानेच निकालात निघायच्या. कापड खराब आलं म्हणून व्यापारी ओरडायचा, मिलचा माणूस ओरडायचा, आणि ज्याचा गळा मोठा त्याचं खरं.

सोनवणेभाई तोवर खाली छपाईच्या टेबलावर होते. चौदा वर्षं. अमळनेरकडचा माणूस, उंच, बारीक, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या. नाव प्रल्हाद, पण सुरतेत माणसाच्या नावाला भाई चिकटतोच. कापडावरून बोटं फिरवली की चूक रंगात झाली, छपाईत झाली की वाफेत, हे ते सांगायचे. म्हणून शेठने त्यांना वर आणलं आणि कंप्लेंटचं काम दिलं.

"बसायचं कुठं, शेठ?" त्यांनी विचारलं.

"ये है ना," शेठ म्हणाले आणि खोक्याकडे बोट दाखवलं.

दुसरा कोणी असता तर कपाळावर हात मारला असता. सोनवणेभाईंनी चपला बाहेर काढल्या आणि आत गेले. पहिल्या दिवशी झाडलं, दुसऱ्या दिवशी धुतलं, तिसऱ्या दिवशी विती टाकून चारही बाजू मोजल्या. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर सगळं शहरच झाडायला-पुसायला लागलं, तेव्हा ऑफिसात त्यांना 'आमची म्युनिसिपालिटी' म्हणायचे. पण त्यांचं हे प्लेगच्या आधीपासूनचं होतं.

रंग ठरवायला त्यांना जवळजवळ महिना लागला. खालचा कलर मास्तर त्यांचा जुना दोस्त. त्याच्याकडून वाटीभर वाटीभर रंग कालवून आणायचे आणि प्लायवूडवर तळहाताएवढा पट्टा मारायचे. सकाळी बघायचे, दुपारी बघायचे, संध्याकाळी बघायचे. अकरा पट्टे झाले. शेवटी जो ठरला त्याला नाव नव्हतं. कैरी चिरली की कोयीजवळ जो फिकट रंग असतो, तसा काहीसा. बाकी ऑफिसला खाली हिरवा आणि वर पांढरा ऑइलपेंट होता, इस्पितळासारखा.

मग पडदा आला. कापड मिलमधलंच, छपाईत बिघडलेलं. असे तुकडे चिंधीच्या भावात बाहेर जायचे, कुणी दोन उचलले तरी विचारत नसे. सोनवणेभाईंनी गेटपास करून घेतला. वॉचमन वैतागला. "अरे भाई, कापड गेट के बाहर तो जा नहीं रहा, जीना चढ रहा है!" सोनवणेभाई म्हणाले, "फिर भी लिख दो." पडद्याचा एक, उशीचा एक, माठाभोवती गुंडाळायच्या कापडाचा एक, असे तीन गेटपास त्यांच्या खणात होते. उद्या कोणी बोट दाखवलं तर, असं त्यांचं म्हणणं. बोट कोण दाखवणार हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

खुर्चीची गोष्ट वेगळी. शेठच्या केबिनमधून हात मोडलेली एक गुबगुबीत खुर्ची भंगारात निघाली होती. ती त्यांनी सुताराकडून नीट करून घेतली आणि पाहुण्यासाठी ठेवली. स्वतःला साधी लाकडी. आणि त्या लाकडी खुर्चीचे चारही पाय त्यांनी दीड इंच कापून घेतले. सुताराला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्याने दोनदा विचारलं.

मी एकदा विचारलं, "पाय का कापले?"

"कुंदाताई, रागावलेल्या माणसाला वर बघायला लावलं ना, की तो जास्त ओरडतो. खाली बघता आलं की आवाज आपोआप उतरतो."

असं काही बोलून झालं की ते लगेच कामाला लागायचे. त्या दिवशी मात्र पुढे बोलले. "आमच्या वडिलांनी गावात पाटलाच्या ओट्यापुढे जन्म काढला. उभ्यानं. काम असो, मजुरी मागायची असो, ओट्यावर बस असं कधी कोणी म्हटलं नाही. माझ्या हातात आता एक खुर्ची आहे. मी कोणाला उभं ठेवणार नाही."

त्यांच्या घरी बुद्धवंदना होते हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. ते स्वतः त्यावर कधी बोलत नसत, आणि त्यांच्या भिंतीवर कुठलीही तसबीर नव्हती. इतरांच्या टेबलांमागे देवादिकांची कॅलेंडरं होती. त्यांच्याकडे एकच चौकट, तिच्यात कापडाचा एक तुकडा. त्यावर हिरवे पोपट छापलेले, आणि छपाईत साचा सरकल्यामुळे प्रत्येक पोपटाला दोन-दोन चोची.

रिंगरोडच्या मार्केटमधले मोहनलालजी म्हणून एक व्यापारी होते. त्यांचा आवाज खालच्या मशिनांपर्यंत जायचा. पहिल्यांदा ते या केबिनमध्ये आले तेव्हा कापडाचा ताका त्यांनी टेबलावर आपटला. "ये छपाई है? ये छपाई है?"

"बेसो," सोनवणेभाई म्हणाले.

"बैठने नहीं आया!"

"पानी तो पियो."

माठातल्या पाण्यात ते पुदिन्याची दोन पानं टाकायचे. कापलेल्या डब्यात पुदिना लावलेला होता, खिडकीशी. खालून सतत ॲसिडचा वास यायचा, त्यावर हा त्यांचा इलाज. मोहनलालजी पाणी प्यायले, आणि पिण्यासाठी बसले. बसल्यावर समोर चौकट दिसली.

"ये क्या है? दो चोंच?"

"मेरी गलती है," सोनवणेभाई म्हणाले. "सात साल पहले. ऐंशी मीटर पोपट बिघडवले मी. आता तुमचं दाखवा."

मोहनलालजी हसले की नाही ते हॉलमधून दिसलं नाही. पण पुढचा अर्धा तास आवाज आला नाही. पुढे पुढे तर ते तक्रार नसतानाही यायचे. मार्केटमध्ये ऊन फार आहे म्हणायचे, आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायचे. आम्हीसुद्धा डबा खायला तिथे जायला लागलो. टायपिंगच्या दोघी आणि हिशेबातली एक, तिघींनी कसंबसं मावायचं. पण तिथे जेवण झाल्यावर उठावंसं वाटत नसे, हे खरं. सोनवणेभाई तेवढा वेळ बाहेर जिन्यावर बसून आपली भाकरी खायचे. आत या म्हटलं तर म्हणायचे, "जागा मोजलेली आहे. चौथा आला की खोली गोदाम होते."

दोनेक वर्षांनी दिवा आला. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड त्यांना कधीच आवडला नव्हता. त्याखाली माणूस आजारी दिसतो, म्हणायचे. चौटाबाजारातून त्यांनी पदरच्या पैशाने वेताची एक छोटी टोपली आणली, तिला आतून झिरझिरीत कापड लावलं, उलटी टांगली आणि आत पिवळा बल्ब सोडला. पहिल्या संध्याकाळी लावला तेव्हा हॉलमधली सगळी माणसं दारात जमली. केवढ्याशा त्या जागेत सगळं काही जरा आपुलकीचं दिसायला लागलं होतं. शेठसुद्धा येऊन बघून गेले. "बहु सरस," म्हणाले. सोनवणेभाई समोरच्या खुर्चीत जाऊन बसले, पण त्या दिवशी राग चेहऱ्यावर आणायला विसरले.

त्या पावसाळ्यात नंदुरबारचे बागूल म्हणून एक दुकानदार आले. छोटं दुकान, लग्नसराईसाठी एकाच लाल रंगाच्या साड्या मागवलेल्या. त्यांचं म्हणणं, दोन गठ्ठ्यांतला लाल वेगवेगळा आहे. बाहेर काळोखी आली होती. सोनवणेभाईंनी दिव्याखाली दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले, बोटं फिरवली, बराच वेळ बघितलं.

"फरक नाही, भाऊ."

बागुलांनीही बघितलं. "इथं तर खरंच दिसत नाही," म्हणाले. पाणी प्यायले, माफी मागितली आणि गेले.

पाचव्या दिवशी ते परत आले. ओरडले नाहीत. दारातच उभे राहून म्हणाले, "सोनवणेभाऊ, तुमच्याकडं एक लाल दिसतो, माझ्या दुकानात दोन दिसतात. गिऱ्हाईक हसतं."

सोनवणेभाईंनी ते तुकडे हॉलच्या मोठ्या खिडकीशी नेले. ऊन पडलं होतं. मी माझ्या टेबलावरून बघत होते आणि मलासुद्धा दिसलं. एक लाल विटेकडे झुकलेला, दुसरा डाळिंबाकडे. सोनवणेभाईंनी दोन्ही तुकडे उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, "भाऊ, चूक कापडाची आहेच. पण त्या दिवशी चूक माझ्या बत्तीची होती. तुम्ही खरं बोलत होता."

ते सरळ शेठकडे गेले. मी पत्र लिहून घ्यायला तिथेच बसले होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर झालं. त्यांनी दिव्याचं सांगितलं. पिवळ्या उजेडात लाल, केशरी, गुलाबी यांच्यातला फरक बुजतो, हे आधीच आपल्या लक्षात यायला हवं होतं. बागुलांचा माल पुन्हा रंगवून द्यावा लागेल.

शेठ रागावतील असं मला वाटलं होतं. ते हसले. "देंगे, देंगे. एक आदमी का कर देंगे." मग पुढे झुकून म्हणाले, "पण सोनवणेभाई, आ तो कामनी वस्तु छे, बडे काम की! अब से सब कंप्लेंट उसी बत्ती के नीचे देखो."

सोनवणेभाईंनी लाल तुकडे गुंडाळले. मान हलवली, पण ती कशासाठी हलवली ते कळण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा दिवा नव्हता. छताला नुसता आकडा होता आणि ट्यूबलाइट चालू होती. तीन-चार दिवसांनी शेठच्या लक्षात आलं. ते केबिनपर्यंत चालत आले. एरवी ते कोणाच्या टेबलापर्यंत जात नसत.

"बत्ती कहाँ गई?"

"काढली."

"क्यूँ?"

"खोटं दाखवते, शेठ."

"तो मैं बोलता हूँ, लगाओ वापस."

सोनवणेभाई उठून उभे राहिले. शेठ आणि ते, दोघांमध्ये टेबल. मला वाटलं आता ते काही समजावतील, नियम सांगतील, हात जोडतील. ते अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "शेठ, जागा तुमची. टेबल तुमचं, खुर्ची तुमची. बत्ती माझी आहे."

हॉलमधले टाइपरायटर थांबले होते. शेठनी ते ऐकलं आणि सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "काम करो," म्हणाले आणि गेले.

बागुलांचा माल पुन्हा रंगवून गेला. सोनवणेभाई त्यासाठी दोन दिवस खाली कलर मास्तरजवळ उभे होते. त्यानंतर महिनाभर काहीच झालं नाही. मग ऑफिस नव्याने लावायचं ठरलं. शेठच्या पुतण्याने तयार पार्टिशनं मागवली, छातीपर्यंत उंच, सगळी राखाडी, सगळी सारखी. कॉम्प्युटर यायचे होते. कोण कुठे बसणार याची यादी निघाली. कंप्लेंटचं काम पुतण्याकडे गेलं होतं. सोनवणेभाईंचं नाव शेवटच्या ओळीत होतं. हॉलच्या मधल्या लांब टेबलावर, टपालाच्या कामासाठी. आणि जिन्याजवळचं खोकं काढायचं होतं. ती यादी मीच टाइप केली. यादीत माझं काही चालणार नव्हतं हे खरं, पण त्यांना आदल्या दिवशी सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

खोकं एका दुपारी निघालं. सुतार तोच होता. प्लायवूड उलटं करून भिंतीशी लावलं तेव्हा आतले ते अकरा पट्टे, वरच्या रंगाखालून अजून थोडे कळत होते. सोनवणेभाईंनी पडदा, उशी आणि माठाचं कापड घडी करून स्टोअरमध्ये जमा केलं, तिन्ही गेटपाससकट. स्टोअरकीपरला ते घेऊन काय करायचं कळेना. पोपटाची चौकट मात्र मोहनलालजी मागून घेऊन गेले.

लांब टेबलावर ते सात महिने बसले. त्यांच्यापुढे टपालाचं बंडल, गोंदाची बाटली आणि एक सुतळीचा गुंडा, याशिवाय त्या सात महिन्यांत एकही वस्तू आली नाही. मी माझ्या नव्या राखाडी पार्टिशनवर एक चित्र चिकटवायला गेले, तेव्हा त्यांच्याकडे बघितलं. काही सुचवतील असं वाटलं. ते पाकिटं चिकटवत होते. एक दिवस आले नाहीत. नंतर कळलं की राजीनामा टपालातूनच पाठवला, आणि भेस्तानकडच्या एका छोट्या युनिटमध्ये छपाईच्या टेबलावर लागले. पुन्हा खाली. तेच काम.

त्यांचा नोकरीचा दाखला तयार होऊन पडला होता. त्यांच्या घराजवळ, बमरोलीला, माझी नणंद राहायची, म्हणून तो पोचवायचं मी मागून घेतलं. एका रविवारी गेले. कामगारांच्या चाळीची ओळ, त्यात त्यांची खोली. एकच. त्या एका खोलीत आई, दोन मुलं, एक सून, एक लग्नाची मुलगी, लहान नातू आणि हे दोघं. भिंतींना चुना, खिळ्यांवर कपडे, पत्र्याच्या दोन पेट्या एकावर एक. आणखी काही नाही. सोनवणेभाई दाराच्या पायरीवर बसले होते. मला बघून उठले आणि आपली जागा दिली, मग पलीकडे एका विटेवर बसले.

त्यांची बायको चहाचं आधण ठेवून बाहेर आली. गोल चेहऱ्याची, मोकळी बाई. माझ्याशी मोडकं मराठी बोलता बोलता आपल्या अहिराणी बोलीत शिरली. "बठा ना ताई. तुम्ही त्यास्ना हापिसमाना ना? त्यास्नी खोली व्हती म्हने तथा. कशी व्हती?"

मला वाटलं तिला माहीत आहे आणि कौतुकाने विचारते आहे. मी सांगत सुटले. रंग कसा होता, गुबगुबीत खुर्ची कशी होती, पुदिन्याचं पाणी, पडदा. व्यापारी कसे नुसते बसायला यायचे. ती ऐकत होती. पडद्याचं निघालं तेव्हा तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं.

"पडदा बी व्हता?"

"हो ना. छान होता."

"माले कधी सांगं नई," ती म्हणाली. रागाने नाही. नवीन गाव ऐकावं तशी. मग चहा उतू जातोय म्हणून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला.

चहा झाल्यावर सोनवणेभाई मला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला आले. वाटेत मी म्हटलं, "मी बोलायला नको होतं का?"

"ती विचारायची," ते म्हणाले. "मी सांगायचो, टेबल आहे, खुर्ची आहे. घरात सून कपडे बदलते तेव्हा आम्ही सगळे बाहेर जाऊन उभे राहतो, ताई. चौदा वर्षं झाली या खोलीला. आणि मी तिकडं येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पडदा शिवत होतो. कोणत्या तोंडानं सांगणार?"

नव्या जागी कसं चाललंय विचारलं तर म्हणाले, "बरं आहे. कापडाशी काम आहे, माणसांशी नाही."

शेअर रिक्षा उभी होती, पण ती भरेपर्यंत निघणार नव्हती. त्यांनी मला आत बसवलं, रिक्षावाल्याला कुठे उतरवायचं ते सांगितलं आणि परत फिरले. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिथे त्यांची बायको पदर खोचून उभी होती. मागून आली असावी. ती काहीतरी बोलत होती. इतक्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते. बोलता बोलता तिने हात डोक्याच्या वर नेला आणि दोरी ओढावी तसा आडवा फिरवून एक उंची दाखवली. सोनवणेभाईंनी मान हलवली, स्वतःचा हात वर केला आणि तिच्या हाताच्या चार बोटं खाली धरला. ती नाही म्हणाली. त्यांनी हात थोडा वर घेतला.

चौथा माणूस आला आणि रिक्षा सुटली.